आफ्रिकारांची उधारी

आमच्या गोव्यातल्या बार्देशात घराचा पत्ता नुसत्या आडनावाने लागत नाही. एकेका वाड्यावर डिसोझांची पाच-सहा घरं निघतात. मग तारवट्याचं घर, मुंबयकाराचं घर, आफ्रिकाराचं घर असं सांगायचं. तारवटी जहाजावर नोकरीला, मुंबयकार मुंबईत, आणि आफ्रिकार म्हणजे मोंबासा, नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम या बाजूला पोट भरायला गेलेला गोंयकार. आफ्रिकाराचं घर ओळखायला सोपं. बाल्कांव, म्हणजे पुढचा ओटा, ऐसपैस, दिवाणखान्यात काळ्या लाकडाच्या हत्तींची उतरत्या उंचीची रांग, भिंतीवर ढाल आणि दोन भाले, आणि राहायला बहुतेक वेळा एक म्हातारी नि एक कुत्रा. बाकीची माणसं तिकडे.

आमचं घर आफ्रिकाराचं नव्हे. आमचा पोसरो होता. तांदूळ, नारळाचं तेल, रॉकेल, साबण, काडेपेट्या असा सगळा खेड्यातल्या दुकानाचा माल. आजोबा गल्ल्यावर बसत आणि आजी माजघरात बसून गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं ऐकत असे. आफ्रिकारांच्या घरच्या म्हाताऱ्या महिनाभर उधारीवर माल नेत, तिकडून ड्राफ्ट आला की खातं फिटे. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा मुंबईची मनिऑर्डर थांबली. मोंबासाचा पैसा मात्र येत राहिला. "त्या साली आपल्याला आफ्रिकेने जगवलं," असं आजी म्हणायची, तेही अशा सुरात की आफ्रिका म्हणजे जणू तिची थोरली नणंद.

या लेखातली माणसं माझ्या आजी-आजोबांच्या तोंडची आणि समोरच्या मावशीच्या तोंडची. मावशी नात्याने आमची कोणी नव्हे. ती किरिस्तांव, आम्ही हिंदू, पण मला कळायला लागल्यापासून ती मावशीच. १९७२ च्या नोव्हेंबरात ती कंपालाहून एक मुलगी आणि दोन ट्रंका घेऊन परत आली. तिचा नवरा आल्फायात, म्हणजे शिंपी. गाव त्याला मेस्त म्हणायचं. तो तिच्यासोबत आला नाही. थोरला मुलगाही आला नाही. का नाही आला, हे समजायला मला बरीच वर्षं लागली, कारण मावशी गोष्ट सांगायची ती नेहमी मधूनच, मासळी साफ करता करता, कोकणीत स्वाहिली शब्द मिसळून. सालं आणि आकडे मी पुढे पुस्तकांतून लावून घेतले.

मेस्त मुरगाव बंदरातून बोटीने गेला तेव्हा ब्रिटिशांची युगांडा रेल्वे जुनी झाली होती. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा तो लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार करारबद्ध मजूर नेले होते आणि त्यांतले अडीच हजार तिथेच मेले. बहुतेक मजूर पंजाबचे. रुळांच्या मागोमाग गुजराती दुकानदार गेले, आणि साहेबाच्या कचेऱ्यांत, स्वयंपाकघरांत नि शिवणयंत्रांवर गोंयकार बसले. युगांडातल्या बायका सणासमारंभाला जो चौकोनी गळ्याचा, टोकदार खांद्यांचा, कमरेला पट्टा बांधलेला झगा घालतात त्याला गोमेसी म्हणतात. गायाझाच्या मुलींच्या शाळेसाठी १९०५ च्या सुमारास तो बेतला तो कायतान गोमिश नावाच्या गोंयकार शिंप्याने. मेस्तला याचा फार अभिमान. आपल्याच घराण्यातला पुरुष असल्यासारखा तो गोमिशचं नाव घ्यायचा. आडनाव वेगळं, गाव वेगळं, जात बहुधा तीच.

जातीचं निघालंच आहे तर सांगतो. नैरोबीत गोंयकारांचे क्लब होते आणि त्या क्लबांत शिंप्याला प्रवेश नव्हता. कारकून एकीकडे, बामण दुसरीकडे. शिंप्यांनी शेवटी स्वतःची वेगळी सोसायटी काढली. साहेब गोंयकारांना आपल्या क्लबात घेत नसे, गोंयकार शिंप्यांना घेत नसत, आणि आफ्रिकी माणूस या सगळ्या क्लबांत बशा उचलायला असे. मावशी हे हसत सांगायची. मेस्त त्या विषयावर कधी हसला नाही.

कंपालात त्याची दुका, म्हणजे दुकान, भाड्याच्या जागेत होती. चार यंत्रं, कापायचं एक लांब टेबल. पँट-कोट तो स्वतः कापी. हाताखाली दोन आफ्रिकी फुंदी, म्हणजे कारागीर. त्यांतला मोठा बागांडा जमातीचा. तो कांझू शिवायचा. कांझू म्हणजे तिथल्या पुरुषांचा पायघोळ पांढरा अंगरखा. गळ्यापाशी त्यावर तांबड्या-तपकिरी रेशमाची बारीक शिवण असते आणि ती मेस्तलाही त्या फुंदीइतकी साधत नसे. "मग त्याला पगार किती?" असं मी मोठा झाल्यावर एकदा मावशीला विचारलं. ती म्हणाली, "थोडा, पुता. सगळेच थोडा देत. आम्हीपण सगळ्यांसारखेच." हे तिने न विचारता कधी सांगितलं नसतं. पण विचारल्यावर लपवलंही नाही. युगांडातल्या आशियाई लोकांची गोष्ट सांगताना हे वगळून चालत नाही. लोकसंख्येत ते एखादा टक्का, पण शहरांतला व्यापार बहुतांश त्यांच्या हातात. गल्ल्याच्या मागची खुर्ची आफ्रिकी माणसाला क्वचितच मिळे. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने या लोकांना देशाबाहेर काढलं तेव्हा त्याला टाळ्या पडल्या त्या उगाच नव्हेत.

या बाबतीत वेळेवर सावध करणारा माणूस होता, आणि तो आपला मराठी. औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आपल्या संस्थानात लोकांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग ज्या घराने केला त्या घरातला हा माणूस. त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगायला सुरुवात केली, की इथल्या माणसांत मिसळा, त्यांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहा, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला हात लावा. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. ब्रिटिशांना ते खुपू लागलं आणि १९५४ साली पंतांनी नैरोबी सोडली. नेहरूही परदेशातल्या भारतीयांना हेच बजावत. आमच्या लोकांना मात्र तेव्हा तो उपदेश लागू नव्हता, कारण गोवा पोर्तुगालचा. मेस्तच्या खिशात लिस्बनच्या नावाचा पासपोर्ट होता.

इथून पुढे कागदांचा घोळ सुरू होतो, आणि सगळी गोष्ट या कागदांत आहे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ च्या ऑक्टोबरात युगांडा स्वतंत्र झाला. वर्षभरात मेस्तचे दोन्ही देश बदलले आणि तो स्वतः जागचा हलला नव्हता. प्रत्येक घरात तेव्हा कुठला पासपोर्ट घ्यावा यावर रात्री चर्चा चालत. मावशीची आई वारली तेव्हा तिला तातडीने गोव्याला यायचं होतं, म्हणून तिने भारताचा पासपोर्ट केला. धाकटी मुलगी तिच्याच पासपोर्टावर. थोरला मुलगा एका बँकेत कारकून. तो ब्रिटिश राजवटीत जन्मलेला, त्याने ब्रिटिश पासपोर्ट घेतला, कारण बँकेतले सगळे तोच घेत होते. आणि मेस्तने, धंदा इथे, गिऱ्हाईक इथलं, मरणार इथेच, असा विचार करून युगांडाचं नागरिकत्व मागितलं. मला विचाराल तर त्या घरात युगांडाशी सर्वांत जास्त इमान राखलं ते या शिंप्याने.

१९६९ पासून नियम आवळत गेले. नागरिक नसलेल्यांना कामाचा परवाना, व्यापाराचा परवाना, अमुक भागातच दुकान, तमुक माल विकायचा नाही. तेव्हा सत्तेवर अमीन नव्हता, अध्यक्ष ओबोटे होते, आणि शेजारी केनियात दोन वर्षं आधीच असे कायदे झाले होते. हे कायदे कुणालाही हाकलत नव्हते. परवान्याची मुदत संपली की पुन्हा देत नव्हते, इतकंच. केनियातून त्यामुळे लोक ब्रिटनकडे निघाले तर ब्रिटनने १९६८ च्या मार्चात घाईघाईने, अवघ्या तीन दिवसांत, नवा कायदा संमत केला. पासपोर्ट राणीचा असला तरी बाप-आजा ब्रिटनात जन्मलेला नसेल तर आत यायला परवानगी लागेल, असा. मावशीच्या मुलाच्या पासपोर्टाची किंमत त्या आठवड्यात उतरली, हे त्याला चार वर्षं कळलं नाही.

१९७१ च्या जानेवारीत अमीनने सत्ता घेतली. त्याच वर्षी त्याने आशियाई लोकांची वेगळी गणती करवली आणि नागरिकत्वासाठी पडून असलेले बारा हजारांवर अर्ज रद्द केले. इथे थोडं थांबायला हवं. "बेकायदा राहणारे" असं आपण सहज म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर रात्री कुंपण ओलांडणारा माणूस येतो. या बारा हजारांनी काहीच ओलांडलं नव्हतं. त्यांनी अर्ज केला होता आणि रांगेत उभे होते. रांगच काढून टाकली.

१९७२ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हुकूम झाला. नव्वद दिवसांत देश सोडा, शेवटची तारीख ८ नोव्हेंबर. सुरुवातीला ब्रिटिश, भारतीय, पाकिस्तानी नि बांगलादेशी नागरिकांना. मग मध्येच युगांडाचे नागरिक असलेल्या आशियाईंनाही, मग ते मागे घेतलं, पण नागरिकांनी कागद तपासून घ्यावेत म्हणून सांगितलं. मेस्त रांगेत उभा राहिला. मावशी घरून पोळ्या बांधून द्यायची. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने त्याचे कागद पाहिले. आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला मुदतीनंतर दाखल झाला होता. म्हणजे युगांडाचं नागरिकत्व मुळातच पक्कं झालेलं नाही. पोर्तुगालचं गेलेलं, भारताचं घेतलेलं नाही. अधिकाऱ्याने तो कागद त्याच्यासमोर फाडला. मावशी हे सांगताना दोन्ही हातांनी फाडल्याची खूण करायची, आणि मग तेच हात पुन्हा मासळीला लावायची.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एकाच घरातले दोन पासपोर्ट आणि एक फाटका कागद होता. तिघांच्या तीन वाटा. थोरला ब्रिटिश हाय कमिशनपुढे, मावशी भारतीय वकिलातीपुढे, आणि मेस्त कुठल्याच दारात नाही. कुटुंब म्हणजे काही तांदळाची रास नव्हे, मापट्याने अर्धी इकडे अर्धी तिकडे ओतायला. पण हुकूम काढणाऱ्याला घर दिसत नाही, एकेक माणूस दिसतो.

थोरला सप्टेंबरअखेर विमानाने लंडनजवळ स्टॅनस्टेडला उतरला. त्याची रवानगी वेल्समध्ये समुद्रकाठच्या टॉनफानाऊ इथल्या जुन्या लष्करी छावणीत झाली. अशा सोळा छावण्या ब्रिटनने उघडल्या होत्या. सुमारे अठ्ठावीस हजार लोक तिथे पोचले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर कंपालाच्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्या गावी येऊ नका म्हणून कळवलं होतं. जाहिरातीमुळे लेस्टरचं नाव ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही झालं, आणि लोक तिथेच गेले. पुढे त्या शहराच्या बंद पडत चाललेल्या बाजारपेठांत याच लोकांनी दुकानं उघडली.

मावशी नि मुलगी कंपालाहून मोंबासाच्या गाडीत बसल्या. सरहद्दीपर्यंत सैनिक डब्यात चढत, पेट्या उघडत. बाहेर न्यायला परवानगी होती घरटी पन्नास-पंचावन्न पौंडांची. मावशीच्या हातातलं घड्याळ गेलं, मुलीच्या कानातलं गेलं. शिंप्याची बायको म्हणून तिच्या कपड्यांच्या शिवणी उसवून पाहिल्या. "आणि खरंच तिथे काही नव्हतं, वयनी," ती आजीला सांगायची, "मेस्त म्हणालेला, शिंप्याच्या घरात पहिलं तेच बघतील." सरहद्द ओलांडल्यावर केनिया सरकारने डब्यांना कुलपं घातली, वाटेत कोणी उतरून तिथेच राहू नये म्हणून. मोंबासाहून बोट, मुंबईहून पुन्हा पणजीचा प्रवास.

मेस्त शेवटच्या दिवसांपर्यंत कंपालात राहिला. ज्यांचा कुठलाच देश नव्हता अशा लोकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने अखेरच्या टप्प्यात उचललं आणि ऑस्ट्रिया, इटली, माल्टा, स्पेन, बेल्जियम इथल्या तात्पुरत्या छावण्यांत ठेवलं. त्यांत कितीतरी नवरे असे होते ज्यांच्या बायका ब्रिटनला किंवा भारतात पोचल्या होत्या. मेस्त इटलीत होता. तिथून त्याचं कार्ड यायचं. पोर्तुगीज शिकलेला असल्यामुळे त्याला इटालियन थोडं समजे आणि छावणीतल्या लोकांचे कपडे तो दुरुस्त करून देई. भारताचा व्हिसा मिळून तो गावात आला तेव्हा मधे एक अख्खा पावसाळा जाऊन दुसरा संपला होता. थोरला आला नाही. त्याने आधी ब्रिटनात आणि मग कॅनडात घर केलं. त्या चौघांनी एका टेबलावर पुन्हा कधी जेवण घेतलं नाही. सुट्टीला थोरला आला तेव्हा मुलगी मस्कतला नोकरीला होती, मुलगी आली तेव्हा मेस्त गेला होता.

आता मागे राहिलेल्यांचं. हाकलणाऱ्याच्या हिशेबात हा भाग नसतोच.

५,६५५ दुकानं, कारखाने, मळे आणि शेतजमिनी ताब्यात घेऊन वाटण्यात आल्या. बऱ्याचशा सैन्यातल्या अधिकाऱ्यांना. कंपालाहून मेस्तच्या मोठ्या फुंदीची पत्रं येत. पाद्रीकडून लिहून घेतलेली, मोडक्या इंग्रजीत. दुका एका सार्जंटला मिळाली होती. कॉलरवर १५ किंवा १६ लिहिलेलं असे ती किंमत समजून सार्जंट तेवढ्याच शिलिंगांना शर्ट विकत होता. ही कॉलरची गोष्ट मी पुढे इतक्या ठिकाणी ऐकली आणि वाचली, की ती कंपालातल्या सगळ्याच दुकानांबद्दल सांगतात असं दिसतं. खरी किती, देव जाणे. पण माल संपल्यावर नवा कुठून आणायचा, घाऊक व्यापारी कोण, उधारी कोण देतो, हे सार्जंटला ठाऊक नव्हतं, एवढं नक्की खरं. यंत्रं विकली गेली. फुंदी गावी परत गेला. सुया मिळत नाहीत, असं त्याच्या शेवटच्या पत्रात होतं. दुसरा फुंदी कुठे गेला ते त्यालाही माहीत नव्हतं.

शिंप्याच्या दुकानाचं जे झालं तेच मोठ्या प्रमाणावर साखरेचं झालं. लुगाझीचा कारखाना नानजी कालिदास मेहतांचा, १९२४ पासूनचा. जिंजाजवळच्या काकिराचा मुळजीभाई माधवानींचा, १९३० चा. दोन्हीकडे हजारो आफ्रिकी मजूर उसावर आणि चरकावर. मालक गेले. पण मालकापेक्षा जास्त महागात पडलं ते बॉयलर सांभाळणारा, सुटे भाग कुठून मागवायचे हे जाणणारा, बैठ्या कामाचा, पगारी मधला माणूस गेला ते. काही वर्षांत साखर पिकवणाऱ्या देशात साखर मिळेनाशी झाली. आणि घाम गाळणारा मजूर, ज्याच्या नावाने हे सगळं केलं, त्याचाच पगार सर्वांत आधी थांबला. काकिराचा कारखाना पुन्हा चालू झाला तो १९८५ च्या सुमारास, माधवानींना बोलावून आणल्यावर.

हुकमाची एक शेपटी आमच्या पोसऱ्यापर्यंत आली. आजोबांच्या लांब, तांबड्या कापडी बांधणीच्या खतावणीत आफ्रिकारांच्या घरांची पानं सलग होती. १९७२ च्या दिवाळीपासून त्या पानांच्या डाव्या बाजूला जमेत काही नाही आणि उजव्या बाजूला नावे ओळीवर ओळ. तांदूळ, तांदूळ, रॉकेल, तांदूळ. साखर त्या पानांवरून हळूहळू नाहीशी होते, मग चहापूड. एका म्हातारीच्या पानावर मेणबत्त्या तेवढ्या प्रत्येक महिन्याला आहेत. माल देणं आजोबांनी थांबवलं नाही, पण ते काही उदारपणाने नव्हे. थांबवलं तर जुनी बाकी कायमची बुडेल, असा त्यांचा व्यापारी हिशेब होता. घाऊक व्यापाऱ्याने म्हापशात आजोबांचीच उधारी आवळली तेव्हा आजीच्या पाटल्या नि गोठ गहाण पडले. कंपालाला जाऊन आलेली एकही व्यक्ती आमच्या घराण्यात नाही, तरीही. मावशीने मुलीच्या मस्कतच्या पगारातून आपलं पान फेडलं. बाकीच्यांपैकी काहींनी फेडलं, काहींचं आजोबांनी सोडलं, आणि सोडलेल्यांची नावं आजी मरेपर्यंत विसरली नाही.

हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं, एका वेड्या हुकूमशहाचं, असं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय हातकड्या घालून अमृतसरला उतरवले, त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. त्यांचं प्रकरण वेगळं हे मी मान्य करतो. परवानगीवाचून आलेल्याला परत पाठवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, भारतालाही. माझं म्हणणं त्या हक्काबद्दल नाही, हिशेबाबद्दल आहे. अमेरिकेत चाळीस लाखांवर मुलं अशी आहेत जी जन्माने तिथली नागरिक आणि आई किंवा बाप कागदाविना. मेस्तच्या टेबलावरचे कागद तेच, देश बदलला. तिथल्या शेतांत पिकं काढणाऱ्या मजुरांपैकी साधारण चाळीस टक्के कागद नसलेले आहेत, हे तिथल्या सरकारी पाहणीतूनच दिसतं. जॉर्जिया राज्याने २०११ साली कडक कायदा केला तेव्हा पकडले जाण्याआधीच मजूर निघून गेले आणि फळं-भाज्या शेतात सडल्या. गव्हर्नरांनी प्रोबेशनवरच्या गुन्हेगारांना तोडणीला पाठवायची युक्ती काढली. त्यांतले बरेच जण पहिल्याच दिवशी दुपारी घरी गेले. शेतकऱ्याला कायदा हवा होता की नको, हा प्रश्न नाही. त्याला कांदा काढणारा हात हवा होता, आणि तो हात कुणाचा हे त्याने मतदान करताना लक्षात घेतलं नव्हतं.

आपल्याकडेही कागद फाडणारे हात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सरहद्दीपलीकडे ढकलले गेले. त्या राज्याच्या सरकारने ते भारतीय असल्याचे कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. कागद त्यांच्या घरी होतेच. बघायला कुणाला वेळ नव्हता. आणि आमच्या गोव्यात 'भायले', म्हणजे बाहेरचे, या शब्दाला हल्ली जो ताव चढतो तो पाहून मला मावशीची आठवण येते. ट्रॉलरवरचे खलाशी ओडिशा-झारखंडचे. २०२० साली टाळेबंदीत ते गावी गेले तेव्हा मासेमारी बंदी उठल्यावरही ट्रॉलर धक्क्याला बांधून होते, आणि बाजारात बांगड्याला सोन्याचा भाव आला. तेव्हा भायल्यांना शिव्या देणारं तोंड कुठे दिसलं नाही. आता पुन्हा दिसतं. आफ्रिकारांचं गाव हे, आपल्या आजा-पणजाला कुठून कसं काढलं ते घराघरात ठाऊक असलेलं, आणि तरीही.

मावशी याबाबत काय म्हणाली असती मला माहीत नाही. तिला अमीनचा रागही विशेष नव्हता. रागच असला तर तो त्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा, आणि तोही कागद फाडला म्हणून नव्हे. "त्याच्या अंगातला सूट मेस्तने शिवलेला होता, पुता," असं ती म्हणायची. "बिल बाकी होतं."

युगांडात १९८२ साली बळकावलेली मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला आणि पुढे अध्यक्ष मुसेवेनींच्या काळात हजारो इमारती, मळे नि कारखाने मूळ मालकांना मिळाले. काकिरा मिळालं, लुगाझी मिळालं. थोरल्याने कॅनडाहून अर्जाचा नमुना पाठवला होता. त्यात मालकीहक्काचा पुरावा जोडायचा होता. दुका भाड्याची, यंत्रांच्या पावत्या कंपालात राहिलेल्या, फुंदीचा पत्ता हरवलेला. मेस्तने तो अर्ज भरला नाही.